मिस्त्रींचा अंगठा

मिस्त्रींनी सुसाटमध्ये बसायचं, हे घरात आधी ठरलं आणि मिस्त्रींना नंतर कळलं. घरातले बहुतेक निर्णय त्यांना असेच कळत, त्यामुळे एरवी त्यांनी मनाला लावून घेतलं नसतं. पण सुसाट म्हणजे काही पडद्यांचा रंग नव्हे. शहराबाहेरच्या थीम पार्कमधली ती सगळ्यात उंच रोलर कोस्टर. दोनदा उलटी होणारी, आणि जिच्या जाहिरातीत बसलेल्या माणसांचे गाल कानांपर्यंत गेलेले दिसतात ती.

ठरवलं सासूबाईंनी. सासूबाई एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरी सुटून सहा वर्षं झाली तरी गल्लीत, बँकेत, भाजीच्या दुकानात सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत, आणि त्या वागतही तशाच. झोके, पाळणे असल्या गोष्टींची त्यांना कधीच हौस नव्हती. पण नात पार्कची माहिती वाचून दाखवत होती, त्यात 'पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना सुसाटमध्ये प्रवेश नाही' असं वाक्य आलं आणि बाईंचा चहाचा कप अर्ध्या वाटेत थांबला. पुढच्याच महिन्यात त्यांना पासष्ट वर्षं पूर्ण होत होती. आयुष्यभर लोकांना वॉर्डाच्या दारातून परत पाठवत आलेली बाई. आता आपल्याला कुणी दारातून परत पाठवणार, हे तिला कसं खपावं?

"या रविवारी जायचं," बाई म्हणाल्या, आणि कप तोंडाला लावला.

प्रश्न सोबतीचा होता. मिस्त्रींच्या बायकोला मान जरा वर केली तरी चक्कर येते. मेहुणा एरवी प्रत्येक गोष्टीत पुढे, पण सुसाटचं नाव निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कमरेला पट्टा बांधून आला. गादी उचलताना कंबर धरली म्हणे. कुठली गादी, कुणी उचलायला सांगितली, याचा पत्ता कुणालाच लागला नाही. राहिली मिस्त्रींची अकरा वर्षांची लेक. तिने सांगितलं की ती खालून व्हिडिओ काढणार आहे, कारण ते कुणीतरी करायलाच हवं.

"आणि आजीबरोबर बाबा आहेत ना!" ती म्हणाली. "बाबा कशालाच घाबरत नाहीत."

इथेच तर सगळी गोम होती.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करत. बावीस वर्षांत शहरातल्या अर्ध्याअधिक उंच इमारती त्यांनी आतून पाहिल्या होत्या. आतून म्हणजे जिथून लिफ्ट वरखाली होते त्या अंधाऱ्या, उभ्या पोकळीतून. लिफ्टच्या केबिनच्या टपावर उभं राहायचं, खाली वीस मजल्यांची पोकळी, वर तेवढेच दोर, आणि हातात पाना. हे सगळं ते घरी रंगवून सांगत. तेविसाव्या मजल्यावर वीज गेली तेव्हा आपण टपावर बसून डबा कसा खाल्ला, ही गोष्ट लेकीने इतक्यांदा ऐकली होती की तिने 'माझे बाबा' हा निबंध त्यावरच लिहिला. 'माझे बाबा जगात कशालाच घाबरत नाहीत' हे त्याचं पहिलं वाक्य. शाळेतल्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, आणि तेव्हापासून लेक शाळेत बापाच्या नावावर मान ताठ करून फिरत होती.

गोष्टीतला शब्द न् शब्द खरा होता. फक्त एक गोष्ट मिस्त्री कधी सांगत नसत. लिफ्टच्या कामात टपावर पाय टाकण्याआधी एक रीत पाळावी लागते. दार उघडायचं, पण आत जायचं नाही. बाहेरूनच हात घालून टपावरचं लाल बटण दाबायचं, म्हणजे लिफ्ट मेली. मग ती खरंच मेली का ते वर आणि खाली चालवून बघायचं, आणि मगच पाऊल टाकायचं. मिस्त्रींच्या उस्तादांनी हे त्यांना टपल्या मारून शिकवलं होतं. बटण विसरलं की टपली, तपासायला विसरलं की दोन. बावीस वर्षांनी परिस्थिती अशी होती की मिस्त्रींचं डोकं दुसरीकडे असलं तरी अंगठा आपलं काम चोख करी. आणि बटण अंगठ्याखाली आहे तोवर मिस्त्री आभाळातही डबा खातील.

बटण दुसऱ्याच्या हातात गेलं, की मात्र याच माणसाचं पाणीपाणी होई. मेहुण्याच्या गाडीत ते कायम मागे बसत आणि निघाल्याबरोबर डोळे मिटून घोरल्याचं सोंग करत. न्हाव्याने खुर्ची मागे कलती केली तरी दोन्ही हात खुर्चीचे दांडे घट्ट धरत. हे कुणालाही ठाऊक नव्हतं. सुरुवातीला सांगायचं राहून गेलं, मग सांगायची लाज वाटू लागली, आणि आता तर निबंधच झाला होता. लेकीच्या नजरेतून उतरण्यापेक्षा सुसाटवरून पडलेलं बरं, असं त्यांना शनिवारी संध्याकाळी वाटलं. रविवारी सकाळी पार्कच्या फाटकातून सुसाट दिसली तेव्हा मात्र त्यांना तितकी खात्री राहिली नाही.

हिरव्या रंगाचा लोखंडी रूळ आभाळात चढून गेला होता आणि तिथून सरळ खाली कोसळला होता. दर दोन मिनिटांनी एक गाडी वरून सुटे, आणि सोळा माणसांची एकच किंकाळी सगळ्या पार्कभर पसरे. खाली लोक निवांत आइस्क्रीम खात होते. स्वतःच्या पायांनी चालत येऊन, रांगेत उभं राहून घाबरवून घेणाऱ्यांचं काय करावं, हे मला तरी कधी कळलेलं नाही. मिस्त्रींना तर त्या दिवशी अशा माणसांचा मनापासून राग आला.

"मी जरा बघून येतो," असं म्हणून ते सुसाटच्या खालून एक चक्कर मारून आले. एखादा नट ढिला सापडावा, एखादी साखळी कोरडी वाजावी, म्हणजे ताठ मानेने 'ही गाडी धोक्याची आहे' असं जाहीर करता येईल, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. वीस मिनिटं त्यांनी खांब पाहिले, कान देऊन साखळी ऐकली. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ होती. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. एकही रेघ तुटलेली नव्हती. साखळीला नेमकं हवं तेवढं ग्रीस. एरवी अशी देखभाल करणाऱ्या माणसाची पाठ थोपटायला मिस्त्री मैलभर चालत गेले असते. आज त्या अनोळखी माणसाने आपला घात केला असं त्यांना वाटलं.

"काय, पास का आमची सुसाट?" मेहुण्याने पट्टा सावरत विचारलं.

"ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. "बरी ठेवलीय."

"मग जा की! आमच्या वाटणीचं पण ओरडून या."

रांग पाऊण तासाची होती. मेट्रनबाईंनी पायात कॅनव्हासचे बूट चढवले होते आणि चष्म्याला दोरी बांधून ती मानेमागे गाठ मारून पक्की केली होती. पर्स त्यांनी मिस्त्रींच्या बायकोकडे दिली होती. ऑपरेशन थिएटरमध्ये जायच्या तयारीने त्या उभ्या होत्या. मिस्त्री विनोद करत होते. एकामागून एक. पुढच्या मुलांना, मागच्या जोडप्याला, सगळ्यांना ते हसवत होते. रांग जिन्याच्या पहिल्या वळणावर आली तेव्हा बाईंनी जावयाचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"एकशे अठरा," त्या म्हणाल्या.

"सकाळी कॉफी जास्त झाली, आई."

"हं," बाई म्हणाल्या आणि मनगट सोडून दिलं.

जिना संपला आणि फलाट आला. छोट्या रेल्वे स्टेशनासारखाच फलाट; एका बाजूने लोक उतरतात, दुसऱ्या बाजूने चढतात. काचेच्या खोलीत निळी टोपी घातलेली पन्नाशीची ऑपरेटर बाई बसलेली, आणि फलाटाच्या कडेला चार ठिकाणी कमरेइतके लोखंडी खांब. मिस्त्रींना हे काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त ती गाडी दिसत होती. मेट्रनबाईंनी पहिल्याच ओळीत बसायचं ठरवलं होतं, अर्थात. फाटक उघडलं. बाई पुढे झाल्या आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. आता मिस्त्रींनी पाऊल टाकायचं होतं.

त्यांनी पाऊल टाकलं नाही. आधी त्यांचा हात गेला. डावीकडच्या खांबावर लाल रंगाचं, आळंब्यासारखं फुगीर बटण होतं, अगदी लिफ्टच्या टपावर असतं तसलं. अंगठ्याने ते शोधलं आणि दाबलं. मिस्त्रींना काही विचारण्याची त्याला गरज वाटली नाही.

सगळं थांबलं. साखळीचा टकटकाट बंद झाला, भोंगे गप्प झाले, फलाटावरचे दिवे पिवळे झाले. आधी निघालेली गाडी चढावावर तिसऱ्या हिश्शात होती, ती सोळा माणसांसकट तिथेच उभी राहिली. क्षणभर त्यांच्यापैकीही कुणाला ओरडावं हे सुचलं नाही.

मिस्त्रींनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो अजून बटणावरच होता. त्यांनी तो पटकन काढून खिशात घातला.

"सगळे मागे व्हा! गाडीतले उतरा, पिवळ्या रेघेच्या मागे!" ऑपरेटर बाई काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. आवाज वाढवला नव्हता, तरी चाळीस माणसं मुकाट्याने मागे झाली. मग चढावावरच्या लोकांसाठी त्यांनी माइकवर सांगितलं की घाबरू नका, गाडी जिथे आहे तिथे पक्की धरलेली आहे, मागे येणार नाही. वरून एकजण ओरडला, "पण आमचा फोटो काढलाय का?" आणि चढावावर हशा पिकला.

पाच मिनिटांत दोघं आले. एक हातात वॉकीटॉकी घेतलेला सुपरवायझर, आणि एक साठीच्या घरातला तंत्रज्ञ. तंत्रज्ञाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि नखांत ग्रीस. मिस्त्रींनी ते ग्रीस ओळखलं. आपला घात करणारा माणूस हाच.

"बटण कुणी दाबलं?" सुपरवायझरने ऑपरेटर बाईंना विचारलं.

"मी नाही. चौथ्या खांबावरचं आहे."

"चौथा खांब तुमच्या फाटकाचा. तुमच्याशिवाय कोण दाबणार? रविवारी, एवढ्या गर्दीत! कारण तुमच्या नावावर लिहावं लागेल."

ऑपरेटर बाईंनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. मिस्त्री पिवळ्या रेघेच्या मागे, चाळीस लोकांत उभे होते. नुसतं गप्प राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण ज्याने कधी दुसऱ्याच्या चुकीबद्दल कंपनीकडून ताकीदपत्र घेतलंय, त्याला असं गप्प राहणं जमत नाही.

"मी दाबलं," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "मी. मुद्दाम नाही. हात गेला."

"हात गेला म्हणजे?" सुपरवायझर त्यांच्याकडे वळला.

"सवयीने. पाय टाकायच्या आधी..." मिस्त्रींचं ततपप झालं. शेजारी सासूबाई उभ्या होत्या.

तंत्रज्ञाने मान तिरकी करून त्यांच्याकडे बघितलं. "लिफ्टला आहात?"

"बावीस वर्षं."

आणि तो म्हातारा हसत सुटला. खांबाला धरून, किल्ल्या वाजवत हसला. "अहो, लिहा तिथे," तो सुपरवायझरला म्हणाला, "प्रवासी, चुकून. बिचाऱ्याला इतकं पक्कं शिकवलंय, तो काय करणार? मी घरी मिक्सरची पिन काढल्याशिवाय झाकण उघडत नाही. बायको म्हणते, चटणी आहे ती, सबस्टेशन नव्हे!"

सुपरवायझरला हे फारसं आवडलं नाही, पण त्याने लिहिलं. ऑपरेटर बाईंनी मिस्त्रींना वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं. "रोज सकाळी चारही बटणं आम्ही तपासतो," त्या म्हणाल्या. "आज दुपारचंही काम झालं." एवढं बोलून त्या परत काचेच्या खोलीत गेल्या.

गाडी पुन्हा सुरू करायला पंधरा मिनिटं लागणार होती. तंत्रज्ञ चढावाच्या कडेच्या पायऱ्या चढून वर गेला, एकेक जागा बघू लागला. रांगेतले लोक कुरकुरत होते, बरेचसे जिना उतरून खाली गेले. मेट्रनबाईंनी फलाटावरच्या बाकावर बसून शेजारची जागा थोपटली. मिस्त्री बसले.

"भीती वाटते?" बाईंनी विचारलं. 'ताप आहे?' विचारावं त्या सुरात.

मिस्त्रींनी तोंड उघडलं. कॉफीवर एक चांगला विनोद त्यांच्या जिभेवर होता. तो त्यांनी गिळला.

"हो," ते म्हणाले. "फार."

"कधीपासून?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बटण, अंगठा, न्हाव्याची खुर्ची, निबंध. इतकं सरळ ते चौदा वर्षांत सासूबाईंशी कधी बोलले नव्हते. सण नाही, समारंभ नाही, आणि हे फलाटावरच्या बाकावर.

"मला ठाऊक होतं," शेवटी बाई म्हणाल्या.

"आज नाडी बघितलीत म्हणून?"

"छे. लग्नानंतर पहिल्यांदा गाडीतून एकत्र गेलो तेव्हापासून. खरोखर झोपलेला माणूस गतिरोधक यायच्या आधी डोळे आवळत नाही, जावईबापू."

मिस्त्रींना हसावं की रडावं कळेना. चौदा वर्षांचं घोरणं पाण्यात गेलं होतं.

"वॉर्डात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जो पेशंट सगळ्यांना हसवायचा," बाई पुढे म्हणाल्या, "त्याच्याच पलंगाशेजारी मी खुर्ची ठेवायला सांगायची. तेव्हा ऐका. उतरायचं असेल तर आत्ता उतरा. मी एकटी बसते, मला कुणी खाणार नाही. खाली मी सांगेन, तुमचा रक्तदाब वाढलेला दिसला, मीच नको म्हटलं. मी सांगितल्यावर घरात कोण वाद घालणार?"

कुणीच नाही. मिस्त्रींना ते पक्कं माहीत होतं. सुटकेचं दार आयतं उघडलं होतं, लेकीचा निबंध शाबूत राहत होता, आणि जिना दहा पावलांवर होता. त्यांनी जिन्याकडे बघितलं. मग, का कोण जाणे, काचेच्या खोलीकडे बघितलं.

ऑपरेटर बाई उभ्या होत्या. समोर गाडी हळूहळू चढावावरून वर सरकू लागली होती. सोळा माणसं टाळ्या वाजवत होती. बाईंचं टाळ्यांकडे लक्ष नव्हतं. त्यांचे डोळे गाडीवर होते आणि उजव्या हाताचा अंगठा लाल बटणावर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. गाडी माथ्यावर जाऊन पलीकडे कोसळली, दोनदा उलटी झाली, वळणं घेऊन परत फलाटाशी येऊन थांबली, तोवर तो अंगठा जागचा हलला नाही आणि बाईंनी पापणीही लववली नाही. मिस्त्री स्वतः असेच उभे राहत. नवा मदतनीस टपावर चढला की असेच.

"चला, आई," ते उठून म्हणाले. "नाहीतर पुन्हा विचार करत बसेन."

आता मिस्त्रींना फार मजा आली, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. अजिबात मजा आली नाही. चढावावर त्यांनी साखळीचे ठोके मोजायला घेतले आणि चाळिसाच्या पुढे त्यांना आकडे आठवेनात. माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळली तेव्हा त्यांना सगळं शहर दिसलं, त्यातल्या दोन इमारती त्यांच्याच देखभालीच्या होत्या, आणि त्यांना त्या इमारतींच्या पोकळीत बसलेलं किती बरं वाटलं असतं! मग खालचं जग वर आलं. मिस्त्रींनी "थांबवा" या एका शब्दावर अख्खा प्रवास काढला. पहिल्या कोलांटीत थांबवा, दुसऱ्या कोलांटीत थांबवा, वळणावर तर नुसतंच "था". शेजारी मेट्रनबाई पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या, आणि दुसऱ्या कोलांटीत, डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत, जन्मभर हळू बोलणाऱ्या त्या बाई गळा फाडून ओरडल्या, "अगं आई गं! वा!"

गाडी थांबली. मिस्त्री उतरले, आणि बाईंनी त्यांना दंडाला धरून दोन पावलं चालवलं. काचेच्या खोलीजवळून जाताना मिस्त्रींनी ऑपरेटर बाईंना मान लववली. त्यांनीही किंचित लववली आणि पुढची गाडी सोडली.

खाली सगळे बाहेर पडण्याच्या दाराशी उभे होते. रांगेतून परतलेल्या लोकांनी बातमी आधीच पसरवली होती.

"अहो भावजी, कोण तो शहाणा?" मेहुणा लांबूनच ओरडला. "कुणी म्हणे घाबरून बटण दाबलं! वीस मिनिटं आम्ही उन्हात! एवढीच पाचावर धारण बसली होती तर रांगेत कशाला उभं राहायचं माणसाने?"

"आई, तू तिथेच होतीस ना?" मिस्त्रींच्या बायकोने पर्स पुढे केली.

"गर्दी होती," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं." असलं थातुरमातुर उत्तर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

लेक मोबाइल धरून बापासमोर आली. "बाबा, हलू नका. उद्या वर्गात दाखवायचंय. तुम्ही तो माणूस बघितलात? रडत होता का? ते सांगा, आणि मग म्हणा, मला अजिबात भीती वाटली नाही. हं, बोला."

मिस्त्रींनी मोबाइलकडे बघितलं. त्यामागे लेकीचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा पडद्यावर खिळलेला. दोन वाक्यं म्हणायची, की संपलं. सासूबाई तर जन्मात बोलणार नाहीत. पण फलाटावरच्या बाकावर एकदा खरं बोलल्यामुळे असेल, त्यांच्यात खोटं पेलायची ताकद उरली नव्हती.

"रडत नव्हता," ते म्हणाले. "तो मीच होतो."

मेहुणा खो खो हसला. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन त्याने बहिणीकडे बघितलं.

"हस, हस," मेट्रनबाई त्याला म्हणाल्या. "पुढच्या गाडीत तुझी जागा धरते. पट्टा मी सांभाळीन."

मेहुण्याने हसणं खोकल्यावर नेलं. लेकीने मोबाइल खाली घेतला. तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे मिस्त्रींना वाचता येईना.

"म्हणजे निबंध खोटा?" तिने विचारलं.

"लिफ्टचं सगळं खरं आहे. डबाही खाल्ला होता. फक्त पहिलं वाक्य चुकलंय, आणि ती चूक तुझी नाही. मी तुला ते तसं वाटू दिलं."

ती वळून पलीकडच्या कारंज्याच्या कट्ट्यावर जाऊन बसली. बायकोने मिस्त्रींच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच पुढे ढकललं. मिस्त्री गेले आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले. त्यांचे गुडघे अजून थरथरत होते. ते लपवायची आता गरज नव्हती, म्हणून त्यांनी लपवले नाहीत. लेक त्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग बसलात कशाला?" तिने विचारलं. "एवढी भीती वाटत होती तर?"

"बटण माझ्यापेक्षा नीट सांभाळणारी एक बाई होती तिथे. आणि मी घाबरतो हे सगळ्या फलाटाला कळलंच होतं. लपवायला काही उरलं नाही, तेव्हा बसणं जरा सोपं गेलं."

"आणि आता?"

"आता पुन्हा कुणी लाख रुपये दिले तरी नाही बसणार."

ती हसली नाही. बुटाच्या टोकाने ती फरशीवर रेघा ओढत होती. वरून सुसाट गेली, किंकाळी आली, विरली.

"बाबा," ती म्हणाली, "मंगळवारी आमची पोहण्याची परीक्षा आहे. उंच फळीवरून उडी मारायची. मागच्या दोन्ही वेळेला मी पोट दुखतंय सांगितलं. पण पोट दुखत नव्हतं."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कसं सांगणार?" लेक म्हणाली. "तुम्ही कशालाच घाबरत नाही ना."

तेविसाव्या मजल्याची गोष्ट मिस्त्री इतक्या वेळा, इतक्या थाटात सांगत आले होते, आणि दर वेळी ही पोर समोर बसून आपल्याला कशाची भीती वाटते ते गिळत होती. तिला जवळ घ्यावं, माफी मागावी, धीर द्यावा, असं बरंच काही त्यांच्या मनात एकदम आलं. यातलं नेमकं काय आधी करावं ते त्यांना उमजेना, म्हणून त्यांनी साधा प्रश्न विचारला.

"किती उंच आहे फळी?"

"दहा फूट. वरून तळ दिसत नाही. पाणी काळं दिसतं नुसतं."

"बाप रे!" मिस्त्री मनापासून म्हणाले.

लेकीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग ती हातभर सरकून त्यांच्याजवळ आली आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगू लागली.